‘एकदाचं करून टाका’ म्हणणाऱ्यांना



हा लेख मुख्यतः आमच्या गोतावळ्यासाठी आहे. इतर ब्लॉगमित्रांनी वाचला तर आनंदच आहे, कारण असा गोतावळा प्रत्येकाला असतोच. मला अँजायना आहे, २०१४ सालापासून आहे, आणि आजवर मी प्लास्टी किंवा बायपास यातलं काहीही करून घेतलेलं नाही. ही गोष्ट घरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे लग्न असो, मुंज असो की तेराव्याचं जेवण, कुणीतरी मला कोपऱ्यात गाठतं, आवाज खाली आणतं आणि म्हणतं, "अहो, कशाला ही टांगती तलवार? एकदाचं करून टाका ना!"

‘एकदाचं करून टाका’ हे आपण घराला रंग देण्याबद्दल म्हणतो, किडलेल्या दाढेबद्दल म्हणतो, रेंगाळलेल्या लग्नाबद्दल म्हणतो. म्हणजे अशा कामाबद्दल, जे केलं की संपतं. माझं भांडण नेमकं इथंच आहे. हृदयाच्या धमन्यांचा आजार हा ‘करून टाकण्या’सारखा नाही. तो प्लास्टीने संपत नाही, बायपासने संपत नाही, आणि शस्त्रक्रिया न केल्याने माणूसही लगेच संपत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्याचा अँजायना स्थिर आहे, ज्याची नीट तपासणी झाली आहे आणि जो औषधं नेमाने घेतो, तो माणूस मरणाच्या रांगेत टोकन घेऊन बसलेला नसतो. त्याच्यापुढे साधारणपणे पुष्कळ वर्षं असतात. त्याला घाबरवून टेबलावर झोपवल्याने त्या वर्षांत बहुतेक वेळा भर पडत नाही. हे माझं आशावादी मत नव्हे, हजारो रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष आहे. मी डॉक्टर नाही, निवृत्त अभियंता आहे. पण आकडे वाचायची सवय जन्मभराची आहे, आणि इथे तर आकडे माझ्याच छातीबद्दल बोलतात!

आधी ‘स्थिर’ म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा लेख या एका शब्दावर उभा आहे. डोंबिवली स्टेशनचा पूल घाईने चढताना माझ्या छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ आवळल्यासारखं व्हायचं. दोन मिनिटं कठड्याला टेकलो की जायचं. सपाटीवर काही नाही, बसल्या जागी काही नाही. किती चाललं की दुखणार आणि किती थांबलं की थांबणार, हे अंदाजाने सांगता येतं, महिनोन् महिने त्यात फरक पडत नाही, तो स्थिर अँजायना. विल्यम हेबर्डन या डॉक्टरने १७६८ साली लंडनमध्ये याचं वर्णन वाचून दाखवलं आणि १७७२ मध्ये ते छापून आलं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर येणारी, उभं राहताच जाणारी कळ. अडीचशे वर्षं झाली, त्या वर्णनात फारशी दुरुस्ती करावी लागलेली नाही. त्याने एका रुग्णाची नोंद केली आहे, जो रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापायचा आणि त्यानेच जवळजवळ बरा झाला. तेव्हा ना कॅथलॅब होती ना स्टेंट. (आमच्या सौ.ला हा लाकूडवाला किस्सा फार आवडतो. नारळ आता मीच सोलतो.)

याउलट बसल्या बसल्या येणारी कळ, आठवड्याभरात वाढत गेलेली कळ, पहिल्यांदाच आलेली जोरदार कळ, किंवा घाम फुटून न थांबणारी कळ, हे सगळं अस्थिर. तिथे हा लेख बाजूला ठेवायचा आणि १०८ ला फोन लावायचा. चालू झटक्यात बंद पडलेली धमनी तातडीने उघडणारी अँजिओप्लास्टी जीव वाचवते, यात तिळमात्र शंका नाही. तिच्याविरुद्ध मी एक अक्षरही लिहिणार नाही. पण गंमत पाहा, ‘करून टाका’वाले नेमकं त्याच यशाचं भांडवल दुसऱ्या दुकानात वापरतात. झटक्यातल्या माणसाला प्लास्टीने वाचवलं, म्हणून पुलावर दम लागणाऱ्यालाही तीच वाचवणार. हा झाला बादरायण संबंध!

या गैरसमजाच्या मुळाशी एक चित्र आहे. हृदय म्हणजे पंप, धमन्या म्हणजे नळ, नळात गाळ साचला, ऐंशी टक्के चोंदला, आता वीस टक्के उरला, तो बंद झाला की खेळ खलास. मला स्वतःला नळांचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे, म्हणून सांगतो, हे चित्र चुकीचं आहे. धमनी हा जिवंत अवयव आहे. चरबीचा थर तिच्या भिंतीच्या आत असतो, पोकळीत साचलेला गाळ नसतो. झटका बहुधा येतो तो असा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरल्यामुळे. आणि फुटणारा थर हा सर्वांत जास्त अरुंद जागीच असेल असं नाही. पुष्कळदा तो असतो तीस-चाळीस टक्क्यांच्या, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या जागी. अरुंद जागा दुखवते, कमकुवत जागा मारते. स्टेंट एका जागी बसतो, आजार मात्र सगळ्या धमन्यांत पसरलेला असतो. सगळीकडे पोहोचतं ते रक्तातून जाणारं औषध. शिवाय जी धमनी सावकाश अरुंद होत जाते, तिच्या आसपास शरीर स्वतःच बारीक पर्यायी वाटा तयार करत जातं. आपल्या भाषेत सांगायचं तर घरगुती बायपास, बिनपैशाचा.

आता पुरावे. इतिहास जरा मागून सांगतो, कारण या क्षेत्रात ‘करून टाकलं आणि बरं वाटलं’ याची मोठी परंपरा आहे. १९५० च्या दशकात अँजायनासाठी छातीच्या आतल्या बाजूची एक धमनी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया निघाली. रुग्णांना फरक पडायचा, लोक खूश होते. १९५९ साली सिअ‍ॅटलच्या लिओनार्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी सतरा रुग्णांवर एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. काहींची धमनी खरंच बांधली, काहींना नुसता छेद देऊन टाके घातले. दोन्ही गटांना सारखाच आराम! ती शस्त्रक्रिया लवकरच इतिहासजमा झाली. छातीवरचा व्रण बघून दुखणं कमी होतं, हे तेव्हापासून कागदोपत्री आहे.

मग १९६७ मध्ये रेने फावालोरो यांच्या कामातून बायपास रुळली आणि १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी पहिली अँजिओप्लास्टी केली. दोन्ही थोर कामं आहेत. पण त्याच १९७७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा एक अभ्यास आला. स्थिर अँजायनाचे ५९६ रुग्ण, मुख्य डाव्या धमनीत अडथळा असलेले वगळून. तीन वर्षांनी औषधवाले ८७ टक्के जिवंत, बायपासवाले ८८ टक्के. म्हणजे तेव्हाच्या तुटपुंज्या औषधांवरही.

इथे समोरच्या पक्षाचा सगळ्यात जोरदार पुरावा मीच मांडतो, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढंच सांगितलं. १९९४ साली बायपास विरुद्ध औषधं अशा सात प्रयोगांची, एकूण २६४९ रुग्णांची, बेरीज प्रसिद्ध झाली. पाच वर्षांत बायपास गटात १०.२ टक्के मृत्यू, औषध गटात १५.८ टक्के. फरक खरा आहे. पण हे रुग्ण होते १९७० आणि ८० च्या दशकांतले. ‘औषधं’ म्हणजे त्या वेळी मुख्यतः कळ थांबवणारी औषधं. स्टॅटिन नव्हतं, अ‍ॅस्पिरिनही सगळ्यांना नव्हतं. आणि १९९४ सालीच स्कँडिनेव्हियातला सिमव्हास्टॅटिनचा प्रयोग आला. अँजायना असलेले किंवा झटका येऊन गेलेले ४४४४ रुग्ण, साडेपाच वर्षांच्या आसपासचा पाठपुरावा. खोट्या गोळीच्या गटात २५६ मृत्यू, खऱ्या गोळीच्या गटात १८२. एका गोळीने! ना भूल, ना टाका, ना कॅशलेसची मंजुरी.

त्यानंतर प्रश्न नव्याने विचारावाच लागला. आताच्या पूर्ण औषधांवर असलेल्या माणसाला प्लास्टी काय जास्तीचं देते? अमेरिका आणि कॅनडातल्या ‘करेज’ प्रयोगाने २००७ साली उत्तर दिलं. २२८७ रुग्ण, सरासरी साडेचार वर्षं. मृत्यू किंवा झटका प्लास्टी अधिक औषधं या गटात १९ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात १८.५ टक्के. पाच वर्षांनी कळ पूर्ण थांबलेले, एकीकडे ७४ टक्के आणि दुसरीकडे ७२. पुढे काही रुग्णांचा पंधरा वर्षांपर्यंत मागोवा घेतला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूंत फरक नाही.

तरी लोक म्हणाले, ते रुग्ण सौम्य असतील, जुने स्टेंट असतील. म्हणून ‘इस्केमिया’ नावाचा प्रयोग झाला. ३७ देश, ५१७९ रुग्ण, भारतातली रुग्णालयंही त्यात होती. निकाल नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झाला, २०२० मध्ये छापून आला. सगळे मध्यम ते तीव्र दोष दाखवणारे, म्हणजे ज्यांचा टी.एम.टी. किंवा स्कॅन बघून आपल्याकडे ‘उद्याच अ‍ॅडमिट व्हा’ म्हणतात ते. निम्म्यांची आधी अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे प्लास्टी किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधं. मुख्य अहवालापर्यंत मृत्यू किती? पहिल्या गटात १४५, दुसऱ्यात १४४. पुन्हा वाचा. १४५ आणि १४४.

२०२२ मध्ये जवळपास सहा वर्षांच्या पाठपुराव्याचे आकडे आले. एकूण मृत्यू १२.७ टक्के आणि १३.४ टक्के, फरक नगण्य. हृदयविकाराने झालेले मृत्यू शस्त्रक्रियेच्या बाजूला थोडे कमी होते हे खरं, पण इतर कारणांनी झालेले मृत्यू त्याच बाजूला थोडे जास्त होते, त्यामुळे शेवटचा हिशेब बरोबरीत सुटला. झटक्यांचंही तसंच. शस्त्रक्रियेच्या गटात नंतर येणारे कमी, प्रक्रियेच्या वेळचे जास्त. आणि औषधांच्या गटातल्या साधारण पाचातल्या एकाला मूळ अभ्यासाच्या काळात कधीतरी प्लास्टी वा बायपास करावी लागली. म्हणजेच उरलेल्या चौघांना लागली नाही! आधी औषधं घेतली म्हणून नंतरचं दार बंद होत नाही. आधी स्टेंट घातला तर मात्र तो काढून परत देता येत नाही.

आमच्या साडूंचा प्रश्न असतो, "पण दुखतं त्याचं काय? रोज गोळी जिभेखाली ठेवून का जगायचं?" प्रश्न रास्त आहे, उत्तरही प्रामाणिक द्यायला हवं. लंडनच्या रशा अल-लमी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘ऑर्बिटा’ हा प्रयोग प्रसिद्ध केला. दोनशे रुग्ण, सगळे पुरेशा औषधांवर. निम्म्यांना खरी प्लास्टी, निम्म्यांना गुंगी देऊन नुसतं टेबलावर ठेवलं. सहा आठवड्यांनी चालण्याच्या पट्ट्यावर खऱ्या प्लास्टीवाले किती जास्त चालले? सरासरी १६.६ सेकंद. तो फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मग २०२३ मध्ये त्याच गटाने कळ थांबवणारी औषधं बंद करून ३०१ रुग्णांवर दुसरा प्रयोग केला. तेव्हा प्लास्टीने खरा आराम दिला. बारा आठवड्यांनी कळमुक्त झालेले प्लास्टीत ४० टक्के, खोट्या प्लास्टीत १५. म्हणजे प्लास्टी हे कळीवरचं खरं औषध आहे. ज्याची कळ गोळ्यांना दाद देत नाही, किंवा ज्याला गोळ्या सोसत नाहीत, त्याने ती जरूर करावी, आनंदाने करावी. पण ‘आराम पडावा म्हणून’ करतो आहोत असं स्वच्छ सांगून करावी. ‘नाहीतर मराल’ असं सांगून नव्हे. आणि हेही लक्षात घ्या, त्या ४० सोडून उरलेल्या ६० टक्क्यांची कळ प्लास्टीनंतरही पूर्ण गेली नव्हती.

बिनशस्त्रक्रियेची कळ वाढतच जाते, हाही असाच एक समज. ‘क्लॅरिफाय’ या बहुदेशीय नोंदणीत स्थिर हृदयविकाराचे बत्तीस हजारांवर रुग्ण पाच वर्षं पाहिले गेले. त्यात सुरुवातीला अँजायना असलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के लोकांची कळ वर्षभरात नाहीशी झालेली होती, आणि त्यातल्या बहुतेकांना धमनीवर काहीही करावं लागलं नव्हतं. माझाही अनुभव हाच. २०१५ च्या दिवाळीपर्यंत मी पूल न थांबता चढू लागलो होतो. आता सरकते जिने आले, तर मी मुद्दाम साध्या पायऱ्या शोधतो.

एवढं असूनही ‘करून टाका’ एवढं जोरात का चालतं? एक कारण पैसा, ते सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० आणि औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी तोच स्टेंट लाखाच्या घरात विकला जात होता. यावरून काय ते समजा. पण सगळं खापर डॉक्टरांवर फोडणं मला पटत नाही. माझ्या औषधांची घडी नीट बसवून देणारेही हृदयरोगतज्ज्ञच आहेत.

दुसरं कारण म्हणजे भीती विकायची पद्धत. २०१४ मध्ये माझी अँजिओग्राफी चालू असताना सौ.ला बाहेर बोलावून पडद्यावरचं चित्र दाखवलं गेलं. दोन धमन्यांत मोठे अडथळे. "हा टाइमबॉम्ब आहे, लगेच सही करा, ते टेबलावर आहेत तोवरच दोन स्टेंट टाकून घेऊ." बायको टेबलाबाहेर, नवरा टेबलावर, मध्ये काचेचं दार आणि हातात पेन. या अवस्थेत दिलेल्या सहीला संमती म्हणायचं? सौ.ने विचारलं, "आत्ता झटका चालू आहे का?" उत्तर आलं, "नाही, पण..." त्यावर ती म्हणाली, "मग आम्ही घरी जाऊन विचार करतो." माझ्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय निर्णय बी.कॉम. झालेल्या बाईने घेतला, आणि तिच्यासारखा नेमका प्रश्न मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी सगळे कागद शांतपणे पाहिले. मुख्य डावी धमनी मोकळी, हृदयाची ताकद उत्तम, मग औषधांवर सुरुवात करू म्हणाले.

आणि तिसरं कारण तुम्ही, माझ्या प्रिय नातेवाइकांनो! रागावू नका. आपल्याकडे प्रेम खर्चाने मोजतात. लाखभर रुपये काढले, रात्री रुग्णालयाच्या बाकड्यावर काढल्या, म्हणजे ‘आम्ही काही कमी केलं नाही’ असं म्हणायला मोकळे. रोज रात्री "गोळी घेतलीस का?" असं दहा वर्षं विचारण्यात कुठलाच पराक्रम दिसत नाही. त्यासाठी भेटायला कुणी शहाळी घेऊन येत नाही. पण जीव त्यानेच वाचतो. माझ्या एका मावसभावाने २०१६ मध्ये दागिने मोडून दोन स्टेंट घातले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ‘मशीन नवं झालं’ म्हणून आठ महिन्यांत त्याने गोळ्या सोडल्या, तंबाखू तर सोडलीच नव्हती. वर्षाच्या आत तो पुन्हा अतिदक्षता विभागात. वाचला, देवाची कृपा. पण ‘करून टाकलं’ या दोन शब्दांनी त्याचं जेवढं नुकसान केलं, तेवढं त्या अडथळ्यांनी केलं नसेल.

यावर लगेच टाळ्या वाजवायला एक वेगळी मंडळी येतात, त्यांनाही इथंच थांबवतो. ‘बायपासशिवाय ब्लॉकेज उघडा’ असं सांगणारे काढेवाले, आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगरचे निरोप फिरवणारे, सलाइनमधून गाळ विरघळवणारे. हे माझे मित्र नव्हेत. त्या सलाइनची, म्हणजे कीलेशनची, झटका येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. शस्त्रक्रिया न करणं म्हणजे उपचार न करणं नव्हे. दुखणं अंगावर काढणं तर नव्हेच नव्हे. ‘करेज’ आणि ‘इस्केमिया’मधल्या लोकांचं बरं चाललं, ते औषधांवर होते म्हणून. २०११ साली १७ देशांचा एक अभ्यास आला. आधी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या लोकांपैकी, भारत धरून गरीब देशांतले ८० टक्के लोक सिद्ध औषधांपैकी एकही घेत नव्हते. एकही! आपल्याकडचा खरा टाइमबॉम्ब हा आहे. प्लास्टी न झालेले लोक नव्हेत, काहीशे रुपयांची महिन्याची गोळी न घेणारे लोक.

आता अपवाद, आणि हे खालच्या आवाजात नाही, ठळकपणे सांगतो. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असेल तर शस्त्रक्रियेचं पारडं जड असतं, ‘इस्केमिया’त असे रुग्ण घेतलेच नव्हते. हृदयाची ताकद खूप कमी झाली असेल तर निर्णय वेगळा, तिथे बायपासने दहा वर्षांच्या हिशेबात आयुष्य वाढल्याचा पुरावा आहे. मधुमेह असून अनेक धमन्या खराब असतील आणि धमन्या मोकळ्या करायचं ठरलंच, तर स्टेंटपेक्षा बायपास बरी, हे २०१२ च्या ‘फ्रीडम’ प्रयोगाने दाखवलं. आणि पुरेशा गोळ्यांवरही कळ जगू देत नसेल तर अर्थातच. म्हणून तपासणी टाळू नका. ‘मला काही करून घ्यायचं नाही’ म्हणून टू-डी एकोसुद्धा न करणारा माणूस माझ्या बाजूचा नाही.

तर पुढच्या वेळी कुणाच्या बाबतीत ही वेळ आली तर ‘करून टाका’ म्हणण्याऐवजी एवढे प्रश्न डॉक्टरांना विचारा. दुखणं स्थिर आहे की अस्थिर? डावी मुख्य धमनी कशी आहे? हृदयाची ताकद किती? पूर्ण औषधं पुरेसे दिवस देऊन पाहिली का? हे केल्याने आयुष्य वाढणार आहे, की कळ कमी होणार आहे? महिनाभर थांबलो तर नेमकं काय बिघडेल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. आणि जो चिडतो, त्याच्याबद्दल तुम्हाला हवी ती माहिती मिळालीच.

माझ्यापुरतं सांगायचं तर रोज सकाळी अ‍ॅस्पिरिन आणि बीटा-ब्लॉकर, रात्री स्टॅटिन, खिशात सॉर्बिट्रेट. ती गोळी घ्यायची तर आधी खाली बसायचं, उभ्याने घेतली तर चक्कर येते. पाच मिनिटांत आराम नाही, तर वाट न पाहता १०८. वाईट कोलेस्टेरॉल ५५ च्या खाली ठेवायचं, युरोपीय तज्ज्ञांच्या २०१९ च्या सूचनेप्रमाणे. माझं सध्या ५२ आहे. रक्तदाबाची वही आहे, तीत सौ.चं अक्षर जास्त आहे. रोज पाऊण तास चालणं. झटका मला कधीच येणार नाही असं मी म्हणत नाही. तसं प्लास्टी केलेल्यालाही म्हणता येत नाही, आणि दोघांनाही पुढच्या गणपतीचा मोदक सारखाच गोड लागतो.

पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे, सगळे भेटणारच आहोत. कोपऱ्यात जरूर गाठा. गोळी घेतली का विचारा, आकडा किती आला विचारा, हवं तर जिलबीचं ताट माझ्यापुढून उचला. फक्त तेवढं एक वाक्य घरी ठेवून या.